बढती

मोटारींवर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारले तर मला खाली मान घालावी लागेल. मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली पंचवीस वर्षे एका खेड्यातल्या हायस्कुलात मुलांना चित्रे काढायला शिकवतो आहे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांची मिळकत एकत्र केली तेव्हा कोठे एक स्कूटर दाराशी आली, आणि तिलाही आता बारा वर्षे होऊन गेली. पण एक गोष्ट मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मोटारींची जितकी चित्रे मी तपासली आहेत, तितकी कोणत्याही कारखान्यातल्या बड्या साहेबानेसुद्धा तपासली नसतील!

पाचवीच्या मुलांना मी दरवर्षी 'माझे आवडते वाहन' काढायला सांगतो. पूर्वी हे काम फार सोपे असे. वर्गातली निम्मी मुले जीप काढत. पट्टी घेऊन एक लांबट चौकोन आखायचा, त्याच्या पाठीवर दुसरा बसवायचा, खाली नाणे ठेवून दोन चाके गिरवायची आणि नाकाडावर जाळीच्या उभ्या रेघा ओढायच्या, की झाली जीप तयार. ज्याला चित्रकलेत गती नाही अशा मुलाचीही जीप ओळखू येई.

अलीकडे मुले पट्टी दप्तरातून काढीतच नाहीत. मोटारीला सरळ रेघ म्हणून उरलेली नाही. तिच्या कमरेला बाक आलेला असतो, दिवे मांजरासारखे डोळे बारीक करून पाहत असतात. परवा एका मुलाने काढलेल्या गाडीच्या दाराला मूठच नव्हती. मी म्हटले, "अरे, दार उघडायचं कसं?" तो शांतपणे म्हणाला, "सर, मूठ आत लपलेली असते. मालक जवळ आला की बाहेर येते."

मी त्याला दहापैकी सहा गुण दिले. मला वाटले, पोराने थाप ठोकली. पुढे कळले की थाप नव्हती. गुण मी वाढवून दिले नाहीत, ही चूक माझ्या खात्यावर अजून शिल्लक आहे.

हे सारे मला आठवले त्याचे कारण आमच्या घरात आलेली एक मोटार. पण तिच्याकडे जाण्याआधी तिच्या घराण्याची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. मुलगी पाहायला गेल्यावर आधी घराणे विचारतात, तसेच हे.

घराणे आपल्या मुंबईचेच. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी गुलाम महंमद नावाच्या भागीदाराबरोबर पोलादाचा व्यापार सुरू केला. फाळणी झाली, भागीदार पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली पेढीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे झाले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या विलीज जीपचे सुटे भाग बोटीने आणून मुंबईत जोडायला प्रारंभ झाला. महायुद्धात चिखल तुडवलेली ती गाडी. तिला ना काचा धड, ना गाद्या धड. पण डोंगर चढायला आणि ओढा ओलांडायला तिच्यासारखी दुसरी नाही. आमच्या लहानपणी गावात जीप आली की तिच्यातून तहसीलदार तरी उतरे, फौजदार तरी, नाहीतर लस टोचणारे डॉक्टर तरी. त्यामुळे तिचा आवाज ऐकून निम्मा गाव तिच्याकडे धावे आणि निम्मा घरात लपे.

मग एक दिवस जीप साहेबाच्या हातून सुटली आणि आमची झाली. ती वडापला लागली.

'वडाप' हा शब्द मुंबईच्या किंवा वऱ्हाडच्या वाचकांना कदाचित नवा वाटेल. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूला एस.टी.च्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात भाड्याने माणसे नेणारी जी जीप, ती वडाप. तिला वेळापत्रक नसते. ती भरली की सुटते. आणि ती भरली असे तिच्या मालकाला कधीच वाटत नाही.

माझ्या थोरल्या भावाने, आमच्या दादाने, १९९४ साली एक जुनी कमांडर जीप घेतली आणि कऱ्हाड–ढेबेवाडी रस्त्यावर वडाप सुरू केले. मागे समोरासमोर दोन बाकडी, वर ताडपत्री. नऊ-दहा माणसांच्या गाडीत सतरा माणसे, तीन कोंबड्या आणि एखादी नवरी मुलगी एवढा संसार मावत असे. त्यात धोका होता, हे आज कळते. त्या वेळी मात्र घरी जायला मिळाले एवढेच लोकांना कळे.

त्या जीपच्या पैशावर मी शिकलो. मॅट्रिक झाल्यावर चित्रकला शिकायला मी कऱ्हाडला राहिलो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादा स्टँडबाहेर भेटे आणि खिशातून नोटांचा चुरगळलेला गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवी. दोनच्या, पाचच्या, दहाच्या नोटा. त्यांना डिझेलचा वास येई.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती मी आजवर एकाही कादंबरीत लिहिलेली नाही. १९९६ सालचा पावसाळा संपत आला होता. मी तीन मित्रांबरोबर स्टँडवरून चाललो होतो. तिघेही शहरातले. एकाच्या वडिलांची मारुती होती. तोच समोरून आवाज आला, "कोळं, तळमावलं, ढेबेवाडी! चला, दोन सीट, दोन सीट!" जीपच्या मागल्या फळीवर उभा राहून, गळ्यात मळका पंचा टाकून, दादा ओरडत होता. माझ्या मित्राने तोंड वाकडे करून त्याची नक्कल केली. सगळे हसले. मी काय केले? भिंतीवर सिनेमाचे एक पोस्टर होते. मी त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि जीप निघून जाईपर्यंत त्या नटीच्या पदराचा रंग बारकाईने अभ्यासू लागलो. त्या वेळी माझ्या खिशात डिझेलचा वास येणाऱ्या नोटा होत्या.

जीप गेली. दादाने आपल्याला पाहिले नाही, असे मी स्वतःला सांगितले. आणि पुढची अठ्ठावीस वर्षे सांगत राहिलो.

मौज अशी, की ज्या वाटेने मी चाललो होतो त्याच वाटेने पुढे हे मोटारींचे घराणेही निघाले. त्यालाही शहरात जायचे होते. चिखलाचे पाय धुवायचे होते. २००२ साली नाशिकला घडवलेली स्कॉर्पिओ आली आणि खेड्यातल्या पुढाऱ्यांबरोबर शहरातली माणसेही ती घेऊ लागली. २०११ साली चाकणच्या नव्या कारखान्यातून एक्सयूव्ही-५०० बाहेर पडली. जुन्या जीपची चासी वेगळी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेला पत्र्याचा डबा वेगळा. या नव्या गाडीत चासी आणि अंग एकच. दिसायला डोंगरावर जाणारी, पण चालायला घरंदाज मोटारीसारखी मऊ. चित्त्याचे अंग पाहून तिची रेघ ओढली होती म्हणे, आणि दाराच्या मुठी त्याच्या पंजासारख्या.

घराण्याची हौस तेवढ्यावर भागली नाही. २०१५ साली त्यांनी इटलीतल्या पिनिनफरिना या नामांकित मोटार-रेखाटकांची पेढी घेण्याचा करार केला. तिच्या नावाने २०१९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात १९०० अश्वशक्तीची एक विजेची मोटार मांडली. तशा फक्त १५० करायच्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षी कोरियातल्या आपल्या कंपनीची एक भली थोरली गाडी त्यांनी चाकणला जोडून अल्टुरास या नावाने इथे विकायला काढली. किंमत सत्तावीस लाखांच्या घरात. गाडी ऐटदार होती, पण लोक त्या किमतीत दुसरीच नावे शोधत. २०२२ साली ती बंद झाली. बाहेरून सुटे भाग आणून जोडायचे, हे काम घराण्याने पहिल्या जीपपासून केले होते. पण त्या वेळी गिऱ्हाईकाला गाडी हवी होती, आता नाव हवे होते.

नाव हीच या धंद्यातली खरी अडचण असावी. जपानच्या टोयोटाने हे आधीच ओळखले. १९८९ साली श्रीमंतांसाठी मोटार काढली तेव्हा तिला आपले नावच दिले नाही. लेक्सस म्हणून वेगळे घर थाटून दिले. जर्मनीच्या फोक्सवागनने उलट केले. 'लोकांची मोटार' असा ज्या नावाचा अर्थ, त्याच नावाने २००२ साली राजेरजवाड्यांना शोभेल अशी फेटन काढली. तिच्यासाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला. गाडी उत्तम होती असे जाणकार सांगतात. पण एवढे पैसे मोजून पुन्हा शेजाऱ्याच्या साध्या गाडीवरचेच चिन्ह मिरवायचे, हे श्रीमंतांना रुचले नाही. २०१६ साली तिचे उत्पादन थांबले.

आपल्या घराण्याने मधला मार्ग काढला. नाव तेच ठेवले, पण २०२१ साली मोटारींसाठी नवी मुद्रा केली, दोन शिखरांसारखी. ट्रॅक्टर आणि मालगाड्यांवर तेव्हा जुनीच मुद्रा राहिली. हे वाचले तेव्हा मला उगीचच ते सिनेमाचे पोस्टर आठवले.

या नव्या मुद्रेची पहिली गाडी एक्सयूव्ही-७००. तिची नोंदणी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली आणि सत्तावन्न मिनिटांत पंचवीस हजार लोकांनी नाव घातले. त्यांत माझा पुतण्याही होता, असे मी म्हणणार होतो. पण त्याला त्या दिवशी यंत्राने दाद दिली नाही. त्याने दुसऱ्या दिवशी नाव घातले आणि पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर गाडी आणली.

हा पुतण्या दादाचा एकुलता एक मुलगा. चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला आहे. गाडीचे हप्ते सात वर्षांचे. मी त्याला विचारले, "काय रे, कंपन्या साध्या गाड्या सोडून या महागड्यांच्या मागे का लागल्या?" तो म्हणाला, "काका, दुधाच्या लिटरामागं काय सुटतं? पण त्याच दुधाची बासुंदी केली की बघा. पत्रा, रबर आणि काच दीडपट लागते. किंमत मात्र अडीचपट येते. आणि ते सातशे नका म्हणू, सेव्हन डबल-ओ म्हणायचं."

त्याचे म्हणणे पुढे आणखी खरे ठरले. २०२४ च्या नोव्हेंबरात याच घराण्याची विजेवर चालणारी एक्सईव्ही-९ई आली. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने तीन पडदे, आणि सर्वांत वरच्या प्रकाराची किंमत साडेतीस लाख. आता शेजार म्हटला तर जर्मन गाड्यांचा. मी मात्र त्या बातमीबरोबर आलेले चित्र पाहून एवढेच मनाशी म्हटले, की त्या मुलाचे चार गुण आपण उगीच कापले.

गोष्ट सांगायची आहे ती गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या, म्हणजे २०२४ च्या दिवाळीची. पुतण्या गाडी घेऊन गावी आला होता. वहिनींना कऱ्हाडहून काही खरेदी करायची होती. आम्ही चौघे निघालो. दादा दाराजवळ गेला, वाकला आणि त्याने चपला काढून हातात घेतल्या.

"आबा, चपला घालूनच बसा की!" पुतण्या म्हणाला.

"असू दे. पाय मळल्यात."

दोन वर्षे गाडी घरात आहे. दोन वर्षे दादा असाच देवळात शिरावे तसा तिच्यात शिरतो. मांडीवर चपला घेऊन पुढच्या आसनावर अवघडून बसतो. अठरा वर्षे ज्या माणसाने गाडीला लाथ मारून दार लावले, तो आता दार लावताना दोन बोटे लावतो. पोराची बढती झाली, गाडीची बढती झाली. बाप मात्र त्या बढतीच्या दाराशी उभा.

खरेदी झाली. लक्ष्मीपूजनाचा दिवस, अंधार लवकर पडला. परत येताना विंगच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी दिसली. तिच्याबरोबर लेकुरवाळी सून आणि दोन शाळकरी मुले. गाडीच्या उजेडात म्हातारीने हात केला आणि गाडी केवढी आहे हे दिसताच लगेच खाली घेतला.

"थांबव," दादा म्हणाला.

"आबा, मागं सामान हाय."

"थांबव म्हंतो न्हवं."

गाडी थांबली. दादा खाली उतरला, अनवाणीच. म्हातारी मागे सरकत म्हणाली, "नगं बाबा. एवढ्या मोठ्या गाडीत? पोरांचं पाय चिखलाचं हायती, खाचरातनं आलोय आमी."

"बस गं आक्का. गाडी मानसांसाठीच आस्ती."

मग मी जे पाहिले ते पुष्कळ वर्षांत पाहिले नव्हते. दादाचा दुखरा गुडघा कोठल्या कोठे गेला. त्याने मागचे सामान एकावर एक रचले, तिसऱ्या रांगेचे आसन उघडायला पुतण्याला लावले, एका मुलाला इकडे, एकाला तिकडे, सुनेला वहिनींच्या बाजूला, पिशव्या पायांत, असा पाहता पाहता संसार लावून दिला. गाडी सुटल्यावरही तो पुढच्या आसनावर उलटा वळून सगळे नीट बसले की नाही ते पाहत होता. तेवढ्यात गाडी टीं टीं असा ओरडा करू लागली.

"ही का वरडती?"

"आबा, पट्टा लावा म्हणती."

"तिला सांग, अजून दोन सीट बसत्यात!"

म्हातारी हसली, सून हसली, पुतण्याही हसला. आणि दादाने, पट्टा लावता लावता, कोणालाच उद्देशून नव्हे असा, पण जुन्या सुरात आवाज दिला, "कोळं, तळमावलं, ढेबेवाडी!"

तळमावल्याच्या अलीकडे ती मंडळी उतरली. म्हातारीने कनवटीची गाठ सोडून दहाची एक नोट काढली आणि पुतण्यापुढे धरली. तो ओशाळला. "नको आजी, नको." दादाने मात्र हात पुढे करून ती नोट घेतली. मला जरा चमत्कारिक वाटले. म्हातारीचा चेहरा मात्र खुलला. एवढा वेळ ती अंग चोरून बसली होती. आता तिने जाता जाता गाडीच्या पाठीवर थोपटल्यासारखा हात फिरवला.

दादाने नोट कपाळाला लावली आणि मागे वहिनींच्या हातात दिली. "लक्ष्मीपुढं ठेव. गाडीची भवानी झाली."

दोन वर्षे, वीस-बावीस लाख रुपये, आणि भवानी त्या दिवशी झाली!

रात्री पूजा आटोपल्यावर आम्ही दोघे अंगणात बसलो होतो. पणत्या विझत आल्या होत्या. गाडी तुळशीपलीकडे उभी होती. का कोण जाणे, माझ्या तोंडून एकदम निघून गेले, "दादा, मी कऱ्हाडला शिकत असताना एकदा स्टँडवर..."

"पोस्टर बघत हुतास," दादा म्हणाला.

मला काही बोलता येईना.

"तुझी पाठ वळखत न्हाई व्हय मी? तुला हाक मारणार हुतो. मग ती पोरं बघितली. म्हटलं, नगं. त्या दिशी हॉर्नबी न्हाई वाजवला."

एवढे बोलून त्याने विझणाऱ्या पणतीत तेल घातले. रागाची एक रेघ त्याच्या आवाजात नव्हती. ती असती तर मला बरे वाटले असते. मला वाटत होते मी त्याच्यापासून लपलो. प्रत्यक्षात त्यानेच मला लपू दिले होते.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. वर चढू पाहणाऱ्याला नावे ठेवण्यात काय अर्थ आहे? मी चढलो, पुतण्या चढला, मोटारींचे ते घराणेही चढले, आणि कोणीतरी खाली फळीवर उभे राहून ओरडत होते म्हणूनच चढलो. त्या घराण्यानेही पुढे एक शहाणपण केले. जुन्या जीपचा तो चौकोनी चेहरा त्यांनी थार या नावाने २०१० साली पुन्हा विकायला काढला, २०२० साली त्याला नवे अंग दिले. आणि ज्या आकाराला माझे मित्र हसले, त्याच आकारासाठी शहरातली पोरे महिनोन्‌महिने वाट पाहू लागली. पट्टीने काढता येणारी गाडी पुन्हा माझ्या वर्गात आली आहे. मुलांनी ती काढली की मी गुण देताना हात आखडता घेत नाही.

भाऊबीजेनंतर पुतण्या चाकणला परत निघाला. दादा म्हणाला, "फाट्यापतूर येतो." त्याने दार उघडले आणि तो आत बसला. चपला पायांतच होत्या. सकाळी रानात जाऊन आला होता, त्यामुळे त्यांना ओली माती होती. पुतण्याने खाली पाहिले. गाडी पुसायचे फडके त्याच्या हातातच होते. क्षणभर थांबून त्याने ते घडी करून खणात ठेवले आणि गाडी सुरू केली.